‘अण्णा, रिव्हॉल्व्हर घ्यावं का पिस्तूल?’

मंडळी, पोस्ट लांब झाली आहे. सवडीनं वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी तुमच्याकडं एक काम आहे.

परवा पुतण्या घरी आला. शेताच्या कडेला पवनचक्की उभी राहिली, जागेचे पैसे आले, नवी गाडी दारात लागली. आता त्याला कमरेला काहीतरी पाहिजे. दोन-तीन दोस्तही सोबत होते. चहा येईपर्यंत त्यांचा वादच चालू होता. एक म्हणतो ग्लॉकच्या तोडीचं जगात काही नाही. दुसरा म्हणतो रिव्हॉल्व्हर कधी अडकत नाही. तिसऱ्यानं मोबाइलवर इटलीचं एक लाकडी मुठीचं पिस्तूल दाखवलं आणि म्हणाला, ‘ऑलिम्पिकवाले हेच वापरतात, म्हणजे हेच भारी.’

पुतण्या माझ्याकडं वळला. ‘अण्णा, तुमची अख्खी नोकरी हत्यारात गेली. तुम्हीच सांगा की. रिव्हॉल्व्हर घ्यावं का पिस्तूल?’

खरं आहे. पोलीस खात्यात मी शस्त्रागारात होतो, आर्मोरर म्हणून. नोकरी बहुतेक जिल्ह्याबाहेर झाली. माणसावर एकदाही गोळी झाडली नाही, पण हत्यारं हजारो वेळा उघडली, पुसली, तेल दिलं, जोडली. त्यामुळं ह्या विषयावर बोलायचा मला थोडा हक्क आहे असं समजतो.

मी पोरांना उलटं विचारलं, ‘बैल कोणता चांगला?’

‘कशाला पाहिजे त्यावर आहे,’ एक जण म्हणाला. ‘शर्यतीला खिलार, औताला लालकंधारी.’

‘मग हत्याराला तोच नियम का लावत नाही?’

आता ते मोबाइलमधलं लाकडी मुठीचं पिस्तूल बघा. ते आहे 25 मीटरच्या स्पर्धेचं, .22 बोअरचं. मॅगझीन ट्रिगरच्या पुढं, नळी हातात जितकी खाली बसवता येईल तितकी खाली. कारण सोपं आहे. नळी मुठीच्या जितकी वर, तितका गोळी सुटताना तोंडाला वर उसळी घेणारा झटका जास्त. नळी खाली असली की झटका सरळ मागं मनगटात येतो आणि पुढच्या गोळीला नेम लगेच परत बसतो. कोल्हापूरच्या राही सरनोबत ह्याच प्रकारात 2018 ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सोनं घेऊन आल्या. आशियाई स्पर्धेत नेमबाजीत सुवर्ण जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्या स्पर्धेच्या दुसऱ्या टप्प्यात निशाण फक्त तीन सेकंद समोर येतं. हात खाली ठेवायचा, निशाण वळलं की उचलायचा, एक गोळी, परत खाली. तीन सेकंदांत उसळणारं हत्यार काय कामाचं?

10 मीटरचं एअर पिस्तूल तर अजून नाजूक. त्यात दारू नाहीच, दाबलेल्या हवेवर 4.5 मिलिमीटरचा शिशाचा छर्रा जातो. निशाणाचा दहाचा गोल साडेअकरा मिलिमीटरचा, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढा. नियमानं ट्रिगरला किमान 500 ग्रॅमचा दाब लागतो. अर्ध्या किलो साखरेचं पुडकं बोटाला अडकवलं, एवढाच. मूठ अक्रोडाच्या लाकडाची, त्या एकाच माणसाच्या तळव्याच्या मापानं घासलेली. दुसऱ्याच्या हातात ती नीट बसतसुद्धा नाही.

आता हेच पिस्तूल बंदोबस्तावरच्या शिपायाला द्या. अर्ध्या किलोचा ट्रिगर, अंगात घाम, मागं पळणारी गर्दी. पहिली गोळी त्याच्याच पायात जाईल. आणि ती लाकडी मूठ कमरेच्या होल्स्टरमध्ये घालणार कशी?

शिवाय नाजूक यंत्राची नाजूक दुखणी असतात. टोकियो ऑलिम्पिकमध्ये 2021 ला मनू भाकरचं पिस्तूल ऐन स्पर्धेत बिघडलं. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरची भानगड होती. दुरुस्तीत वेळ गेला, राहिलेल्या गोळ्या घाईत झाडाव्या लागल्या, 575 गुण झाले आणि दोन गुणांनी अंतिम फेरी हुकली. खेळात ह्याची किंमत एक पदक. पोलिसाच्या हातात तेच झालं तर किंमत वेगळी. ह्याच पोरीनं 2024 ला पॅरिसमध्ये दोन कांस्यपदकं घेतली, ही गोष्ट पुढं कामाला येणार आहे, लक्षात ठेवा.

म्हणजे खेळातलं सगळ्यात भारी पिस्तूल नोकरीत सगळ्यात धोक्याचं. तिथं ‘हेच भारी’ म्हणणाऱ्याचा चहा थोडा थंड झाला.

मग नोकरीसाठी कोणतं? माझ्या हाताखालून जी गेली त्यांचंच सांगतो.

पहिलं, .38 रिव्हॉल्व्हर. जुनं वेबलीच्या घडणीचं, मधून मोडणारं. सहा घरं, सहा राऊंड. ट्रिगर जड, बोट आखडतं, त्यामुळं दहा मीटरवरसुद्धा नेम हलतो. सहा संपले की परत एकेक भरत बसा. पण एक राऊंड फुटला नाही तर परत ट्रिगर ओढा, पुढचं घर आपोआप समोर येतं.

दुसरं, 9 एमएम पिस्तूल ऑटो 1ए. हे आपल्याकडं इच्छापूरच्या कारखान्यात बनतं. मूळ घडण 1935 च्या बेल्जियमच्या ब्राउनिंग हाय-पॉवरची. जॉन ब्राउनिंगनं काम सुरू केलं, तो 1926 ला वारला, आणि सेव्ह नावाच्या बेल्जियन माणसानं ते पुरं केलं. मॅगझीनमध्ये तेरा राऊंड, मूठ हातात छान भरते. हत्यार म्हणून देखणं. अंगठ्याच्या बेचक्यात हॅमर चावतो, एवढी एक खोड.

तिसरं, ग्लॉक 17. ऑस्ट्रियाच्या सैन्यानं 1982 च्या सुमारास घेतलं आणि नंतर जगभर पसरलं. आपल्या एनएसजीकडंही आहे. अंग प्लॅस्टिकचं, म्हणून हलकं. सतरा राऊंड. बाहेर सेफ्टीचा खटका नाही, सगळी सेफ्टी आत. ओढलं आणि झाडलं. शिकलेल्या हातात ह्याच्यापेक्षा साधं आणि भरवशाचं हत्यार मी पाहिलं नाही. ग्लॉकवाल्या पोराला बरं वाटलं.

‘म्हणजे ग्लॉकच ना अण्णा?’

‘थांब,’ म्हटलं. ‘आधी एक गोष्ट ऐक.’

ही गोष्ट मी घरीसुद्धा कधी नीट सांगितली नव्हती.

नोकरीची सुरुवातीची वर्षं. एका जिल्ह्याचं मुख्यालय, कोणतं ते विचारू नका. यात्रेचा बंदोबस्त संपवून रात्री दोनच्या सुमारास माणसं हत्यारं जमा करायला आली. सगळे उभ्या-उभ्या झोपलेले. एका तरुण शिपायाकडं 1ए होतं. नियम असा की आधी मॅगझीन काढायचं, मग स्लाइड ओढून चेंबर रिकामी करायची, डोळ्यानं बघायची, बोटानं चाचपायची. त्यानं क्रम उलटा केला. आधी स्लाइड ओढली. चेंबरमधला राऊंड बाहेर पडला, तो त्यानं उचलला आणि खूश झाला की झालं रिकामं. पण स्लाइड पुढं जाताना मॅगझीनमधला दुसरा राऊंड चेंबरमध्ये घेऊन गेली होती. मग त्यानं मॅगझीन काढलं.

आता हॅमर उभा. तो खाली पाडायला त्यानं ट्रिगर दाबला. काही झालं नाही. ह्या घडणीत मॅगझीन काढलेलं असलं की ट्रिगर चालतच नाही. अपघात टळावा म्हणूनच बनवणाऱ्यानं ही सोय केली आहे. त्या क्षणी त्या सोयीनं आम्हाला वाचवलं होतं. आम्हाला ते कळलं नाही.

तो म्हणाला, ‘ट्रिगर मेला काय?’

टेबलापलीकडून मी म्हणालो, ‘मॅगझीन लाव, मग पडेल.’ आणि रिकामं मॅगझीन मीच त्याच्या हातात दिलं.

त्यानं लावलं, दाबलं, आणि गोळी सुटली. वाळूचा डबा दोन पावलांवर होता, पण नळी त्यात नव्हती. टेबलाच्या कडेला घासून गोळी रजिस्टर लिहिणाऱ्या हवालदाराच्या मांडीत गेली. माणूस वाचला. निवृत्त होईपर्यंत लंगडत चालला. चौकशी झाली, त्या पोराला शिक्षा झाली. मला कोणी काही विचारलं नाही. ‘रिकामं मॅगझीन कोणी दिलं’ हा प्रश्नच कागदावर आला नाही आणि मीही तो आणला नाही. चेंबर बघ, एवढे दोन शब्द मी त्या रात्री बोललो असतो तर त्या माणसाचा पाय शाबूत राहिला असता. सगळं माहीत असलेला त्या खोलीत मी एकटाच होतो.

त्या रात्रीनंतर कोणत्याही हत्याराकडं बघताना मी एकच गोष्ट आधी बघतो. हे रिकामं आहे का भरलेलं, हे रात्री दोनला, झोपेत असलेल्या माणसाला कसं कळणार?

ह्या एका परीक्षेत ते म्हातारं रिव्हॉल्व्हर पहिलं येतं. मधून मोडलं की सहाही काडतुसं वर येतात. उजेडाकडं धरलं की सहा भोकांतून पलीकडचं दिसतं. तिथं शंकेला जागा नाही. 1ए ची कथा सांगितलीच. आणि ग्लॉक? ग्लॉक साफ करायला खोलायचं असेल तर स्लाइड काढायच्या आधी ट्रिगर दाबावाच लागतो. त्याची घडणच तशी आहे. चेंबर बघायची सवय हाडात असली तर काही अडचण नाही. सवय नसेल तर साफसफाईतच गोळी सुटते.

पोरं गप्प झाली. मग एक जण म्हणाला, ‘म्हणजे पोलिसांना परत रिव्हॉल्व्हर द्यायचं? 26/11 ला काय झालं ते बघितलं की.’

प्रश्न बरोबर होता. तुकाराम ओंबळे गिरगाव चौपाटीवर कसाबच्या एके-47 समोर गेले तेव्हा हातात लाठी होती. त्यांनी नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, म्हणून तो जिवंत सापडला. अशा वेळी सहा राऊंडचं जड रिव्हॉल्व्हर पुरणार नाही हे मलाही कळतं. सतरा राऊंडचं पिस्तूल द्याच. पण त्याबरोबर सराव द्या. मी होतो त्या काळात साध्या शिपायाला वर्षातून एकदा फायर बटवर नेत, मोजके राऊंड देत, पुंगळ्या मोजून परत घेत. बरीच माणसं त्या दिवशी हत्याराला घाबरलेलीच असत. डोळे मिटून ट्रिगर दाबणारे मी पाहिलेत. अशा माणसाला ग्लॉक दिलं काय आणि रिव्हॉल्व्हर दिलं काय, फरक एवढाच की ग्लॉकमध्ये चुकायला सतरा संधी.

म्हणून नोकरीबद्दल माझं मत सरळ आहे. जो महिन्याला सराव करतो त्याला ग्लॉकसारखं पिस्तूल. जो वर्षातून एकदा झाडतो आणि रोज बारा तास कमरेला बाळगतो, त्याला उघडलं की रिकामं दिसेल असं हत्यार. हत्यार निवडायच्या आधी वर्षाला किती राऊंड सरावाला देणार ते ठरवा. आकडा कळला की निवड आपोआप होते. ह्यावर खात्यातल्या जुन्या मित्रांचं दुमत असेल, त्यांनी खाली जरूर लिहावं.

आता पुतण्याकडं येऊ.

ग्लॉकचा विषय त्याच्यासाठी इथंच संपतो. 9 एमएम आणि .38 हे प्रतिबंधित बोअर आहेत, साध्या नागरिकाला परवान्यावर मिळत नाहीत. म्हणून तर सगळ्यांच्या कमरेला .32 दिसतं. कानपूरचं .32 रिव्हॉल्व्हर असो, नाहीतर त्याच बोअरचं पिस्तूल. 2014 ला कानपूरच्या कारखान्यानं ‘निर्भीक’ नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर काढलं. अर्ध्या किलोचं, महिलांच्या रक्षणासाठी म्हणून जाहिरात. किंमत सव्वा लाखाच्या घरात. किती नोकरदार बाईला ते परवडणार होतं ते तुम्हीच सांगा.

‘तुला कोणाची भीती आहे?’ मी पुतण्याला विचारलं.

‘भीती नाही अण्णा. पण माहोल बघायलाव ना तुम्ही.’

माहोल मी बघतो आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात 2024 च्या डिसेंबरात मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला. त्यानंतर कमरेला पिस्तूल लावून काढलेले फोटो आणि व्हिडिओ अख्ख्या महाराष्ट्रानं पाहिले. प्रशासनाला एकेक परवाना तपासावा लागला, बरेच रद्द करावे लागले. केज आणि कळंब काय लांब आहेत का एकमेकांपासून? आपल्याकडंही पवनचक्कीचा पैसा आला, त्यामागं ठेकेदारी आली, ठेकेदारीमागं दांडगाई आली. अशा वेळी कमरेचं हत्यार भांडण मिटवत नाही, वाढवतं. पंचवीस वर्षं मी गुन्ह्यातली जप्त हत्यारंही पाहिली. माझ्यासमोर आलेल्यांत स्वतःचा जीव वाचवायला झाडलेलं एखादंच. बाकी दारू, बांधाचं भांडण, वरातीतला उत्साह आणि घरातल्या लेकराचा हात.

वरातीचं निघालं म्हणून सांगतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर आनंदात, बेफिकिरीनं गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. आणि 2016 च्या नियमांत सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय परवाना नाही असं आहे. ते प्रशिक्षण किती जण मनापासून घेतात आणि किती जण नुसता कागद आणतात, हे ज्याचं त्याला माहीत.

पुतण्या म्हणाला, ‘तरी पण, दोन्हींतलं एक सांगायचं झालं तर?’

‘तर रिव्हॉल्व्हर,’ मी म्हणालो. ‘उघडलं की रिकामं दिसतं म्हणून. आणि ते घेतलंस तर मी तुझ्या घरी जेवायला येणार नाही. शिफारस करणार नाही. तुझ्या घरात चौदा वर्षांची पोरगी आहे.’

त्याला राग आला. चहा अर्धा ठेवून उठला. अजून फोन नाही.

आणि आता त्या पोरीचं. खरं तर ही पोस्ट तिच्यासाठीच लिहायला घेतली.

पॅरिसच्या त्या दोन पदकांनंतर तिनं मला विचारलं होतं, ‘आजोबा, मला जमेल का?’ मी तिला लिटरची पाण्याची बाटली दिली आणि म्हणालो, हात सरळ पुढं धरून एक मिनिट उभी राहा. स्पर्धेच्या पिस्तुलाचं वजन दीड किलोपर्यंत चालतं, त्यातलं हे दोन तृतीयांश. पहिल्या दिवशी वीस सेकंदांत हात थरथरला. आता रोज करते. परवा सव्वा मिनिट उभी राहिली, बाटलीतलं पाणी हलत नव्हतं. तिचा श्वास बघितला आणि मला कळलं, हिच्यात काहीतरी आहे.

पण तिला नेऊ कुठं? बालेवाडी इथून अडीचशे किलोमीटर, वरळी तर त्याहून लांब. दर शनिवारी कोण नेणार? चांगलं एअर पिस्तूल लाखाच्या वर जातं, पण शिकायला सुरुवात साध्यावर होते आणि एक पिस्तूल दहा पोरं वापरू शकतात. स्पर्धेच्या त्या .177 एअर पिस्तुलाला परवानाही लागत नाही. म्हणजे अडचण हत्याराची कमी आणि जागेची जास्त.

जागाही फार नाही लागत. झाडायच्या रेषेपासून निशाण दहा मीटर. एका पोराला मीटरभर रुंदी. निशाणाचा मध्य जमिनीपासून 1.40 मीटर उंच. निशाणावर भरपूर उजेड, मागं छर्रा अडवणारा पत्रा, बाजूनं आत यायचं दार बंद. पंधरा मीटर लांबीचा एक बंद हॉल असला की आठ पोरं एका वेळी उभी राहतात. बंद पडलेलं गोदाम चालेल, वापरात नसलेली शाळेची खोली दोन भिंती पाडून चालेल, लग्नसराई संपल्यावर रिकामं पडलेलं मंगल कार्यालयसुद्धा चालेल. कोल्हापूरकडं राही सरनोबत, तेजस्विनी सावंत घडल्या. तिथल्या मातीत वेगळं काही नाही. तिथं पोरांना उभं राहायला जागा मिळाली, समोर शिकवणारा मिळाला आणि पुढं गेलेला एखादा दादा-ताई डोळ्यांसमोर दिसला.

शिकवायला सुरुवातीला मी आहे. पहिला महिना छर्राच देणार नाही. पिस्तूल उचलायचं, उघडायचं, चेंबर बघायची, शेजारच्याला दाखवायची, त्यानं ‘रिकामं’ म्हणायचं, मग खाली ठेवायचं. आणि मी कोणालाही न बघता काही हातात देणार नाही. त्या रात्रीचं एवढंच मला परत करता येतं.

तर काम असं. धाराशिव, तुळजापूर, कळंब, कुठंही, पंधरा मीटरचा असा हॉल तुमच्या बघण्यात असेल तर खाली लिहा. जागा कोणाची, वीज आहे का, छत गळतं का, एवढं सांगा. नगरपालिका, जिल्हा परिषद, क्रीडा विभाग, सगळीकडं अर्ज मी स्वतः घेऊन जाईन. ज्यांना मुलं-मुली पाठवायची आहेत त्यांनी वय आणि गाव लिहा. अर्जाला वीस-पंचवीस नावं जोडली की साहेब लोक निदान बसायला तरी सांगतात.

आणि पुतण्या ही पोस्ट वाचत असेल तर त्यालाही सांगतो. बाबा, रुसू नको. त्या रिव्हॉल्व्हरच्या पैशात तिचं पिस्तूल येतं. चहा अर्धा राहिलाय, येऊन पिऊन जा.